न लागलेलं अक्षर

“नाव कुठे गेलं, क्रौपा?” मास्तरांनी व्हायोला या तंतुवाद्याचा कागद माझ्या नाकासमोर नाचवला.

दिवाणखान्यात चारही वादक वाद्यं घेऊन बसले होते. चौघांच्या कागदांवर माथ्याची जागा कोरी होती. ती मीच कोरी ठेवली होती.

बावीस वर्षं मी मास्तरांच्या स्वरलिपीच्या नकला करतो आहे. ते साध्या कागदावर स्वतःच वाकड्यातिकड्या रेघा ओढतात आणि शाई सांडल्यासारखं लिहितात. साऱ्या ब्रनो शहरात ते अक्षर फक्त मला लागतं. गर्व म्हणाल तर तेवढाच, आणि पोटही त्यावरच. त्यामुळे सत्तरीतले मास्तर कोणासाठी झुरताहेत, हे घरच्यांआधी मला कळलं. चार वाद्यांच्या नव्या रचनेवर ठळक लिहिलं होतं: ‘माझ्या रुझेनाला’. रुझेना म्हणजे पीसेक गावच्या कातडं विकणाऱ्याची तरुण बायको. आणि संगीत असं की नक्कल करताना मी दोनदा उठून खिडकी उघडली. लाज वाटली, हेवाही वाटला.

मंगळवारी मास्तरांच्या पत्नी, ल्युडमिलाबाई, माझ्या खोलीवर आल्या. बसल्या नाहीत. हातमोजे काढत होत्या, पुन्हा घालत होत्या.

“तुम्ही सगळं उतरवता का हो, क्रौपा?”

“असेल ते सगळं, बाईसाहेब.”

“गुरुवारी तालमीला कॉफी मीच देणार आहे. चौघांच्या खांद्यावरून. कागद समोरच असतील.”

एवढं बोलून त्या जिना उतरल्या. दोन दिवस माझं कशात लक्ष लागेना. नकला करणाऱ्यानं स्वतःचं डोकं चालवायचं नसतं. एक टिंब गाळलं तरी ती चोरी.

“मी विचारतोय, क्रौपा.” मास्तरांनी कागद पुन्हा पुढे केला.

ल्युडमिलाबाई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

“अक्षर लागलं नाही, मास्तर,” मी म्हणालो.

व्हायोलावाल्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. ते नाव मास्तर मोठ्यानं सांगू शकले असते. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि सांगितलं नाही.

“डोळे गेले तुझे,” ते शेवटी म्हणाले. “पुढचं काम दुसऱ्याला देतो.”

वादन सुरू झालं. नकलनविसाची कॉफी एरवी स्वयंपाकघरात असते. बाईंनी पहिला कप माझ्या हातात दिला. मी तो दोन्ही हातांनी धरून भिंतीशी उभा राहिलो. व्हायोला एकटीच आक्रोश करत वर गेली आणि थबकली. तिथे पान उलटता यावं म्हणून मी ओळी मोजून बसवल्या होत्या. व्हायोलावाल्यानं पान उलटलं. एकही सूर तुटला नाही.