सर्व हजर

शोकसभेला मी रडायला गेले नव्हते. एक वही बघायला गेले होते.

आईने ज्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, तिथली ही वही. कोण शिक्षक आले नाहीत आणि त्यांचा तास कोणी घ्यायचा, हे पर्यवेक्षिका रोज सकाळी त्यात लिहितात. ज्याच्या गळ्यात तास पडला तो समोर सही करतो. बदली तासांची वही. लहानपणापासून मी तिच्याबद्दल ऐकत होते, कारण आईचे अर्धे मोकळे तास त्या वहीने खाल्ले होते.

गेल्या वर्षी एका बुधवारी दुपारी मी हॉस्पिटलच्या बाकावर सतरा नंबरची चिठ्ठी घेऊन बसले होते. आईच्या पोटाची तपासणी होती. सव्वा वाजता तिचा फोन आला. "अगं, आज काही जमत नाही. गणिताच्या बाई आल्या नाहीत, त्यांचे दोन्ही तास माझ्यावर आलेत."

पुढची तारीख दीड महिन्याने मिळाली. रिपोर्टवरून नजर न उचलता डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी यायला हवं होतं." थोडं म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. सात महिन्यांनी आई गेली.

त्या बुधवारी गणिताच्या बाई कुठे होत्या, हे मला सगळ्यांसमोर विचारायचं होतं. पान उघडून, बोट ठेवून.

सभा शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्येच होती. पृथ्वीगोलाला टेकवून आईचा फोटो ठेवला होता. तो ग्रुप फोटोतून कापलेला होता. आईच्या खांद्यावर कोणाचा तरी हात मनगटापर्यंत राहिला होता, रुंद पट्ट्याच्या घड्याळासकट. हात कापला असता तर खांदाही गेला असता. तेच घड्याळ घालून गणिताच्या बाई पहिल्या रांगेत नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या.

मुख्याध्यापकांनी कागदावरून वाचलं, 'कर्तव्यदक्ष' तीनदा म्हणाले आणि मीटिंगला निघून गेले. मग खोली जरा सैल झाली.

"भूगोलाच्या बाई," खेळाचे सर म्हणाले, "पण सहलीला रस्ता चुकवायच्या त्याच. एकदा ड्रायव्हर म्हणाला, बाई, तुम्ही सांगाल त्याच्या उलटं वळतो, म्हणजे पोचू."

सगळे हसले. माझ्याकडे बघून थांबले.

"कोणाला नाही म्हणणं तिला जमायचंच नाही," गणिताच्या बाई म्हणाल्या. "माझी मुलं लहान असताना माझे किती तास घेतले असतील तिने!"

"ते बघता येईल," मी म्हटलं. "वही असेल ना?"

पर्यवेक्षिकांना वाटलं, मला आईच्या सह्या बघायच्यात. त्यांचे डोळे भरून आले. "असेल की गं! बघ ना, हवा तेवढा वेळ बघ." त्यांनी कपाट उघडलं, गेल्या वर्षीची वही हाताने पुसली आणि माझ्यासमोर ठेवली.

आईची सही जवळजवळ प्रत्येक पानावर होती. मी त्या बुधवारपाशी आले. पान कोरं होतं. वर लाल शाईत दोनच शब्द होते : सर्व हजर.

मी मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. तारीख पुन्हा वाचली. पण पाठ केलेलं वाक्य तोंडाशी येऊन बसलं होतं, ते बाहेर पडलंच.

"या दिवशी तुम्ही आला नव्हतात," मी गणिताच्या बाईंना म्हटलं. "आईने तुमचे दोन तास घेतले. म्हणून तिची तपासणी चुकली."

त्यांनी वहीकडे बघितलंही नाही.

"मी होते," त्या म्हणाल्या. "इथेच, या खुर्चीत. आणि ती तिथे, खिडकीपाशी. दुपारनंतर तिला तासच नव्हता. हे खेळाचे सर मुख्याध्यापकांची नक्कल करत होते. ती इतकी हसली, की चष्मा काढून ठेवावा लागला."

"त्या दिवशी तिची तपासणी होती."

"माहीत होतं."

मी वहीवरून मान वर केली.

"मी म्हटलं तिला," त्या पुढे म्हणाल्या, "अगं जा, लेक थांबलीय तिकडे. तर म्हणाली, आज गेले की उद्यापासून माझी शाळा बंद. रिपोर्ट हातात पडायचा अवकाश, ती मला घरात बसवेल. एवढी एक दुपार बसू दे मला."

"मग?"

"मग मी चहा ठेवला."

खेळाच्या सरांना ते सहन झालं नाही. "मनाला लावून घेऊ नका हो. प्रेमच होतं तुमच्यावर. तुमचा फोन वाजला ना, की त्या म्हणायच्या..."

"सर, राहू द्या," पर्यवेक्षिका म्हणाल्या.

"काय म्हणायची?" मी विचारलं.

सर ओशाळले. "म्हणायच्या, ताठ बसा सगळे, इन्स्पेक्शन आलं."

मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि खोकल्यात लपवलं.

मी रोज मधल्या सुट्टीत फोन करायचे. जेवलीस का? गोळी घेतलीस का? उभी राहून शिकवू नकोस. ती "हो गं, हो" म्हणायची, दबक्या आवाजात. मला वाटायचं, दमलीय. हसू दाबत असेल, हे कधी मनातही आलं नाही. माझ्यापाशी ती कधी चष्मा काढण्याइतकी हसली नव्हती.

आणि आईचा अंदाज बरोबर होता. त्या बुधवारी माझ्या पर्समध्ये तिच्या दीर्घ रजेचा अर्ज टाइप करून तयार होता. फक्त सही राहिली होती.

हे मी तिथे सांगितलं नाही. मी वही मिटली आणि गणिताच्या बाईंना म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही तिला पाठवलं असतंत, तर आज ती असती."

हे खरं आहे की नाही, मला माहीत नव्हतं. डॉक्टरही असं म्हणाले नव्हते. तरी मी म्हटलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते नीट पोचेपर्यंत बघत राहिले.

त्यांनी रुमालाची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली. "असेल," त्या म्हणाल्या.

पर्यवेक्षिकांनी फोटो माझ्यापुढे केला. "हा नेतेस ना?"

"राहू दे," मी म्हटलं. "तुमचाच आहे."

जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत वर काहीच आवाज नव्हता. दुसऱ्या वळणावर कोणीतरी काहीतरी म्हणालं, आणि सगळे एकदम हसले. मी पायरीवर उभी राहिले. थोड्या वेळाने त्यात गणिताच्या बाईंचाही आवाज मिसळला, आधी रडल्यासारखा, मग खरोखरचा.

मी चपलांचा आवाज न करता खाली उतरले.