हनुवटीवरचं बोंड

“आता पुरे! दुपटं पुन्हा सोडायचं नाही,” असं म्हणत वॉर्डातल्या मावशी खाटेपुढे आडव्या येऊन उभ्या राहिल्या.

समोर पाच-सहा शिकाऊ डॉक्टर मोबाईल काढून उभे होते. बाळ दोन दिवसांचं. जन्मतःच त्याच्या हनुवटीवर करंगळीच्या पेराएवढं मांसाचं बोंड लोंबत होतं. सकाळपासून त्याला सात वेळा उघडं केलं होतं. पाय गार पडले होते.

“मावशी, असं पुस्तकातसुद्धा क्वचित दिसतं,” एक जण हसत म्हणाला. “फार दुर्मिळ आहे.”

खाटेवरच्या पोरीनं, बाळाच्या आईनं, भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस ती ‘दुर्मिळ’ हा एकच शब्द ऐकत होती.

सगळे गेल्यावर मावशींनी बाळ तिच्यापुढे धरलं. “घे जवळ. भुकेलंय.”

“नको. वरचं पाजा.” तिचा गाऊन दुधानं भिजला होता. “जगणार नाहीये ना ते? एकदा पाजलं की जीव जडेल. मग मी काय करू?”

मावशींच्या डोक्यात तिडीक गेली. बावीस वर्षं या वॉर्डात त्या लादी पुसत होत्या, बाळं धूत होत्या; आवाज कधी चढवला नव्हता. त्या तरातरा निघाल्या आणि मोठ्या डॉक्टरांना त्यांनी व्हरांड्यातच गाठलं.

“त्या बाळाच्या जिवाला धोका आहे का?”

“छे! साधी गाठ आहे ती. पुढे काढून टाकू, किरकोळ काम आहे.”

“हे त्याच्या आईला सांगितलं कोणी?”

“ज्युनियरनं सांगितलं असेल.”

“ते म्हणतात, सरांनी सांगितलं असेल! फोटो काढायला सगळ्यांना वेळ आहे, आणि एवढं एक वाक्य बोलायला जीभ झिजते का तुमची? दोन दिवस ती पोर लेकराच्या मरणाची वाट बघत पडलीय!”

बाकांवरचे नातेवाईक वळून बघू लागले. डॉक्टर लालबुंद झाले, पण आले. खाटेपाशी उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. अर्धं मिनिट लागलं.

“एवढंच होतं?” पोरीनं विचारलं.

तिनं मावशींच्या हातातून बाळ ओढून घेतलं, छातीशी लावलं आणि हमसाहमशी रडू लागली. रडतारडता सगळ्यांना शिव्या देत होती. मावशींनी तिला अडवलं नाही.

संध्याकाळी मेट्रनबाईंनी कागद पुढे केला. वरिष्ठांशी उर्मट वर्तन, उद्यापासून धुलाईखाना.

“माफी मागा मावशी, मिटवून टाकू. निवृत्तीला आठ महिने तर राहिलेत.”

“कशाची मागू?”

मावशींनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धुलाईखान्यात कोपरापर्यंत हात बुडवून चादरींवरचे रक्ताचे डाग घासत होत्या. एक चादर त्यांनी अशी पिळली, की शेजारची बाई घाबरून म्हणाली, “अहो, फाटेल ती!”

“फाटू दे,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी एक पीळ दिला.