उमेदवारांची खुर्ची

मित्रांनो, मी ओक लाकडाची एक जुनी खुर्ची आहे. पाठ अजून ताठ आहे, पण चारांतला एक पाय लंगडा झालाय. बसायचं असेल तर बसा, पण जरा हळू. दमलेय मी.

माझा जन्म ओहायोतल्या एका सुताराकडे झाला. त्यानं मला घासून घासून इतकं गुळगुळीत केलं, की त्याची मांजर माझ्यावरून घसरून पडली! तिथून मी आले थेट एका लॉ कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, प्राध्यापकांच्या सभागृहात. केवढा मान! नवा प्राध्यापक नेमायचा असला की उमेदवाराला माझ्यावरच बसवत. दुपारी बाराला सगळे प्राध्यापक सँडविच घेऊन जमत. उमेदवार उभा राहून आपलं संशोधन मांडे, मग माझ्यावर बसून प्रश्नांना तोंड देई. प्रश्न तरी कसले! "माझा प्रश्न नाही, फक्त एक निरीक्षण आहे," असं म्हणून जो उठे, तो दहा मिनिटं खाली बसत नसे. उमेदवार बिचारे माझे हात घट्ट धरून ठेवत. माझं पॉलिश त्यांच्या घामानंच गेलं. तरी "काय देखणी खुर्ची!" असं जो तो म्हणे, आणि मी फुलून जाई. चाळीस वर्षं अशीच गेली.

मग रोझ टेट निवृत्त व्हायला निघाल्या. रोझबाई तळघरातलं क्लिनिक चालवत. तिथं डॉक्टर नसतो हं, मित्रांनो. तिथं कायदा शिकणारी मुलं गरिबांचे खटले फुकट लढवतात, शिक्षक-वकिलाला शेजारी घेऊन. शेजारी वकील नसेल तर मुलांना कोर्टात तोंड उघडता येत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रोझबाईंच्या जागेसाठी दोघं आली. पहिली मार्व्हा ब्लेडसो. अकरा वर्षं ती आमच्याच गावात भाडेकरूंचे खटले लढवत होती. ती माझ्यावर बसली, पण तिनं माझे हात धरले नाहीत. निवड समितीचे प्रमुख प्रोफेसर वेल्डन ॲबरनथी यांनी चष्मा पुसत विचारलं, "छान बोललात. पण यात सिद्धांत कुठे आहे?"

"सिद्धांत कोर्टाच्या दारात उभा आहे, सर," मार्व्हा म्हणाली. "घर खाली करायची नोटीस हातात घेऊन."

कुणीच हसलं नाही. कुणीतरी वहीत काहीतरी लिहिलं.

दुसरे आले ॲड्रियन केसलर. न्यूयॉर्कचे. मोठमोठ्या नियतकालिकांत तीन लेख, आणि बोलणं असं की लोकांच्या हातातली सँडविचं तशीच राहिली. माझंही भान हरपलं, खोटं कशाला बोलू?

मतदानाला रोझबाई होत्या, पण क्लिनिकवाल्यांना मत नव्हतं. तशी रीतच होती. त्यांनी फक्त विचारलं, "वेल्डन, त्याला इथल्या कोर्टात उभं राहता येतं का, ते विचारलंस?"

"रोझ, दोन डॉक्टरेट आहेत त्याच्याकडे. उभं राहायला शिकला असेलच की!"

सगळे खो खो हसले. हात वर झाले. केसलर निवडले गेले.

त्याच उन्हाळ्यात माझा पाय निखळला. सभागृहात चाकांच्या नव्या खुर्च्या आल्या आणि मला तळघरात धाडलं. क्लिनिकमधल्या एका विद्यार्थिनीनं, कोरानं, माझा पाय दोरीनं बांधला. आता माझ्यावर उमेदवार बसत नव्हते. ओला कोट घातलेली माणसं बसत होती, दोन्ही हातांनी पिशवी धरून.

मिसेस प्रुइट त्यांच्यातल्याच. वय एक्काहत्तर. छताला काळी बुरशी आली म्हणून त्यांनी नगरपालिकेकडे तक्रार केली, आणि घरमालकानं थेट त्यांनाच घराबाहेर काढायचा दावा लावला. कोरानं महिनाभर खपून पुराव्याचे फोटो क्रमानं लावले, पत्रं लावली.

"बाळा, वाचेल ना गं माझं घर?" त्या विचारत.

"आजी, खटला पक्का आहे आपला!" कोरा म्हणे. आणि तो खरंच पक्का होता, मित्रांनो!

मंगळवारी सकाळी सगळे कोर्टात गेले. दुपारी परत आले, तेव्हा कुणी कुणाकडे बघत नव्हतं. कोरानं रडत रडत फोनवर रोझबाईंना सांगितलं. कारकुनानं केसलर सरांचा ओहायोच्या सनदेचा नंबर मागितला. त्यांची सनद न्यूयॉर्कची, आणि तिकडची सनद इथल्या कोर्टात चालत नाही! त्यांना वाटलं, इथल्या परवानगीचं कॉलेज बघेल. कॉलेजला वाटलं, असेलच त्यांच्याकडे. कोरा उठून बोलायला गेली, तर तिला खाली बसायला सांगितलं. पुढची तारीखही मिळाली नाही. मिसेस प्रुइट एकट्याच उभ्या राहिल्या. फोटो कधी दाखवायचे हे त्यांना काय ठाऊक? ते पिशवीतच राहिले. चार मिनिटांत घर गेलं. मार्व्हा बाजूच्याच खोलीत दुसऱ्या कुणाचा तरी खटला लढवत होती.

संध्याकाळी ॲबरनथी तळघरात उतरले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. बाकी जागा नव्हती, म्हणून ते माझ्यावर बसले. समोर बाकावर मिसेस प्रुइट.

"साहेब," त्यांनी विचारलं, "मास्तर निवडताना तुम्ही विचारता तरी काय?"

ॲबरनथींनी माझे हात घट्ट धरले. "त्यांच्या लेखांबद्दल," ते म्हणाले. अगदी हळू.

मिसेस प्रुइट यांनी पिशवीतून फोटो काढले, पत्रं काढली, नीट जुळवली आणि ॲबरनथींच्या मांडीवर ठेवली. "हे घ्या मग. तुम्हाला वाचायला आवडतं ना?"

त्या गेल्या. पुतण्याच्या घरी, सोफ्यावर झोपायला. ॲबरनथी बसून राहिले. एकेक कागद वाचत, अगदी शेवटच्यापर्यंत. कागद पातळ असतात, पण त्या दिवशीइतकं ओझं मी कधी पेललं नव्हतं.

मित्रांनो, तुम्हीही कधी ना कधी कुणाला तरी निवडाल. वर्गाचा मॉनिटर असेल, नाहीतर शाळेतल्या बाई असतील. तेव्हा त्याला हुशारीचे प्रश्न जरूर विचारा. पण आधी तळघरात या, माझ्यावर जो बसलाय त्याच्याकडे बघा, आणि त्याला कोण हवंय ते विचारा. माझा पाय दुरुस्त केला नाहीत तरी चालेल.