झाकणाआतला आकडा

मी एक जुनं, चावी द्यायचं मनगटी घड्याळ आहे, मित्रांनो, आणि पहिल्या नंबरचा भित्रा आहे. परदेशातल्या कारखान्यात जन्मलो आणि अमरावतीच्या धर्मपाल मास्तरांच्या मनगटावर वर्षानुवर्षं राहिलो. शाळेची घंटा माझ्याकडे बघून व्हायची, तेव्हा काय तो माझा तोरा! मास्तर वारले आणि मी डब्यात पडलो.

घरात मात्र एक कहाणी रुजली होती. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेताना मास्तरांच्या हातात म्हणे मीच होतो! ती ऐकली की वाटायचं, माझं झाकण कधी कुणी उघडू नये. अहो, तेव्हा माझा जन्मच झाला नव्हता.

यंदा त्यांच्या नातीने, मायाने, मला वस्तीत भरणाऱ्या दीक्षेच्या आठवणींच्या प्रदर्शनात ठेवायचं ठरवलं. साल पक्कं करायला तिने मला अकोल्याला, जठारपेठेतल्या खुशालराव घड्याळजींकडे आणलं. सोबत मास्तरांच्या पत्नी इंदूबाई होत्या. खुशालरावांनी डोळ्याला भिंग लावून माझं झाकण उघडलं. आता मेलो, म्हटलं! आतला आकडा त्यांनी मोबाइलवर कारखान्याच्या यादीशी ताडून पाहिला.

"पोरी, ही घडी त्रेसष्टची हाय."

मायाचं तोंड उतरलं. "काका, प्रदर्शनाच्या कार्डावर छप्पनच छापून झालं. लोक काय म्हणतीन? तो आकडा घासून टाका नं!"

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. तो आकडा गेला तर मी कुठला, केव्हाचा, कोण सांगणार? "काहून खराब करता चांगली घडी?" खुशालराव पुटपुटले, पण गिऱ्हाइकापुढे त्यांचं काय चालणार! घासायचं चाक घरघरू लागलं. झाकण त्याच्या अगदी जवळ गेलं. ओरडायला मला तोंड कुठे?

"थांबा!" इंदूबाई कडाडल्या. "घडी नोती तिथं. मी होती. बाच्या खांद्यावर बसून गेली होती. तुमी घडीले इचारून राहिले, मले कोनी इचारलं काय?"

चाक थांबलं. माया आजीकडे वळली. "आजी, तू कधी बोलली नाही!"

"तुह्या आज्यापुढं मले कोन बोलू दे, माय?"

प्रदर्शनात मी टेबलावर नव्हतोच. खुर्चीवर इंदूबाई बसल्या, मी त्यांच्या मनगटावर. त्या सांगत होत्या आणि पोरंसोरं खाली बसून ऐकत होती.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरच्या खुणा घासू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काही विचारायचं राहिलं असेल, तर आजच विचारा. मला चावी दिली की मी पुन्हा चालतो. इंदूबाईंचं तसं नाही, आणि आता मला भीती वाटते ती तेवढीच.