अर्ध्या पुलापलीकडे

वैनगंगेवरचा तो कमानींचा जुना रेल्वेपूल आता केवळ पायी चालणाऱ्यांचा उरला होता. अरुंद रूळ केव्हाच उखडले गेले; त्यांच्या जागी फरशी आली. पौषातल्या त्या सकाळी धुके असे दाटले होते की खालचे पाणी दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते.

लटारू त्या धुक्यात शिरला. एके काळी तो या पुलाचा गस्तवाला होता. अलीकडून तो निघे, पलीकडून इसरू निघे. मध्यावरच्या दगडी आसऱ्यात दोघे भेटत, पितळी बिल्ले अदलाबदल करत आणि माघारी वळत. बिल्ला बदलला म्हणजे पूल शाबूत, असा नियम. एकवीस वर्षे तो पाळला गेला. पलीकडचा अर्धा पूल लटारूने कधी तुडवला नव्हता, तो इसरूचा.

गाडी थांबली, तशा भेटीही थांबल्या. परवा आरमोरीच्या बाजारात इसरूची सून अन्नपूर्णा भेटली. म्हणाली, "मामाजी लय थकले. तुमालेच आठवून राह्यले. गुरुवारी सकाळी पुलावर येतो म्हन्ते."

आज गुरुवार. आसरा मात्र रिकामा होता. लटारू उभा राहिला. कोवळे ऊन धुक्यात मिसळले, तरी पलीकडून पाऊल वाजेना. थकलेला जीव, दोन दिवसांत काय झाले असेल, कोण सांगणार? त्याचे मन कातर झाले, आणि पाय सवयीने माघारी वळले. दहा पावलांवर त्याच्या ध्यानी आले की ज्या हुकुमाने आपण परतत आहोत, तो देणारे आता कोणी उरलेले नाही.

तो फिरला. गाभाऱ्यात शिरावे तशा संकोचाने त्याने मध्य ओलांडला.

पुलाच्या टोकाशी, गुडघ्यांना फडके बांधून, इसरू बसला होता.

"उशीर केला, भाऊ."

"मधात उभा होतो ना गा. तू काऊन नाई आला?"

"इथवर आलो, अन् गुडघे बसले. मनलं, पाहू, हा आपल्या हद्दीत येते का नाई."

"अन् नसतो आलो तं?"

"साहेबाले तक्रार लेहून देली असती."

लटारू त्याच्याशेजारी टेकला. 

"माहा अर्धा पूल कसा वाटला?" इसरूने विचारले.

"वारा समोरूनच येते तुह्याकडेबी."

"तोच माह्या पाठीले लागे. म्हून तं मी रोज तुह्याआधी पोचो."

"अन् मी एकवीस वर्षं समजलो," लटारू म्हणाला, "का तू चालाले चांगला आहे."