सव्वादोन इंची रिम

रघुजीरावांची सारी हयात धारच्या पागेत गेली. घोडा फाटकातून आत आला की कोणता पाय हलका टाकतोय, हे ते बसल्या जागेवरून सांगत. पण मोटारी आल्या आणि पागेतली निम्मी ठाणी रिकामी पडली. रघुजीराव पेन्शनीत निघाले ते त्या मोटारींवर दात धरूनच.

त्यांचा एकुलता एक मुलगा गणोजी जर्मनीशी लढाई चालू असताना इराकात बसऱ्याला गेला होता. रिसाल्यात नाव काढील असे बापाला वाटत होते. तो परतला तो फौजेच्या मोटर वर्कशॉपात तीन वर्षे काढून, हाताला तेलाचा वास घेऊन. त्यालाही आता सहा वर्षे झाली होती, आणि दरबारच्या मोटारखान्यात गणोजी अजून गाड्याच पुसत होता. इंग्रजी कागद वाचता येत नाही म्हणून कुणी त्याच्या हातात पाना देत नसे. "गणोजी काय करतो हल्ली?" असे कुणी विचारले की रघुजीराव पीकपाण्याचा विषय काढत.

तर सन १९२६ च्या कार्तिकातली गोष्ट. रघुजीराव गुडघ्याचे औषध आणायला डॉक्टर चिंतामणरावांकडे गेले होते. डॉक्टरांना सारे गाव तात्या म्हणे. तात्यांकडे एक जुनी मोटरसायकल होती, १९१२ सालची, बाजूला माणूस बसायचा डबा जोडलेली. तिच्यावर ते गावोगावी रोगी बघायला जात. तिचे पांढुरके टायर पार फुटले होते; रबराच्या भेगांतून आतले सूत दिसत होते. तात्यांचा पुतण्या भास्कर इंदूरच्या कॉलेजात शिकत होता. त्याने तिथून नवे टायर आणले होते, आणि ते बसवायला अंगणात बोलावले होते गणोजीला.

गणोजीने टायर उचलला. आतली कड बोटांनी चाचपली, रिमच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि टायर परत खाली ठेवला.

"भास्करराव, हा बसेल, पण राहणार नाही."

"म्हणजे काय?"

"या रिमच्या कडा आत वळलेल्या आहेत. जुन्या तऱ्हेच्या टायरला रबराचा जाड काठ असतो, तो या वळणात अडकून बसतो. हा नव्या तऱ्हेचा. याच्या कडेत नुसती तार आहे. तारेने धरावं असं या रिममध्ये काही नाही. शिवाय हा तीन इंची आहे, मागच्या चाकावरच्या पत्र्याला घासेल."

भास्कर हसला. "दुकानदार म्हणाला, सब में लग जाता है. तो रोज शंभर टायर विकतो. आणि तू? तू तर गाड्या धुतोस ना रे?"

ओसरीवर बसलेल्या रघुजीरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता पोरगा काय बोलतो, की मान खाली घालून टायर चढवतो, इकडे त्यांचे लक्ष लागले. गणोजी शांतपणे उठला, हात धुतले. "मर्जी तुमची. पण मी नाही लावणार. या गाडीवर तात्या बसतात." एवढे बोलून तो निघून गेला.

घरी आल्यावर रघुजीराव चिडले. "लावून मोकळं व्हायचं होतंस! चार माणसांत शोभा झाली."

"आबा," गणोजी म्हणाला, "नाल ढिला असलेल्या घोड्यावर तुम्ही सरकारांना बसू दिलं असतं का?"

रघुजीरावांना जुनी गोष्ट आठवली. असल्या एका घोड्यापायी त्यांनी स्वतः एका सरदाराशी हुज्जत घातली होती, आणि पंधरा दिवस घरी बसले होते.

भास्करने एका मित्राच्या मदतीने टायर चढवलेच. दोन दिवस गाडी चालली. तिसऱ्या दिवशी मुंज तलावाच्या वळणावर पुढचा टायर रिमवरून सटकला आणि गाडी बाभळीत शिरली. बरे की तात्या डब्यात नव्हते. भास्करचे कोपर सोलवटले आणि डब्याचा पत्रा चेपला, एवढ्यावर निभावले.

त्याच संध्याकाळी तात्या स्वतः चालत रघुजीरावांच्या दारी आले. "रघुजीराव, तुमचा मुलगा पाहिजे मला. टायर त्यानेच निवडायचे. भास्कर बरोबर जाईल, इंग्रजी वाचायला. आणि जे गणोजी म्हणेल ते घ्यायचं, हे मी त्याला सांगितलंय."

"मीही जातो," रघुजीराव म्हणाले. का म्हणाले, ते त्यांनाही नीट कळले नाही.

गणोजीने आधी तिन्ही चाके उतरवली. दोन कडांच्या मधले अंतर त्याने चार-चार ठिकाणी मोजले, कारण जुनी रिम कुठेतरी चेपलेली असायचीच. माप निघाले सव्वादोन इंच. मग तिघे लॉरीने इंदूरला गेले.

दुकानदाराने सुरुवातच केली, "आओ भिया, बोलो, क्या चाहिए?" आणि एक पांढराशुभ्र टायर काढून पुढे ठेवला. "साहब लोग यही ले जाते हैं."

दिसायला देखणा होता खरा. गणोजीने त्याची कड जरा वाकवली आणि उजेडात धरली. केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. "बसऱ्याच्या उन्हात पांढरे एका उन्हाळ्यात भुगा व्हायचे," तो भास्करला म्हणाला. "काळे तीन-तीन उन्हाळे काढत. आपल्याकडचं ऊनही काही कमी नाही. सेठजी, काला दिखाओ. काठवाला, पुरानी रिम का."

बरीच शोधाशोध करून दुकानदाराने मागच्या खोलीतून काळे टायर आणले. भास्करने आकडे वाचले. "सव्वीस, मग अडीच, आणि पुढे आणखी सव्वादोन. दोन-दोन मापं? छापण्यात चूक आहे बहुतेक."

"चूक नाही. हेच हवं होतं," गणोजीचा चेहरा उजळला. "सव्वीस ही चाकाची उंची. पोट अडीचचं, काठ सव्वादोनचा. जुन्या रिमला बसतो, आणि हवा जास्त राहते म्हणून डबा जोडलेल्या गाडीचं वजन पेलतो. याहून मोठा मात्र नको."

काळ्यांतही दोन जाती निघाल्या. गणोजीने दोन्हींत नख रोवले. एकात खूण उमटली आणि सावकाश भरून आली. दुसऱ्यात उमटलीच नाही. रघुजीराव पुढे वाकून बघत होते. घोड्याचा खूर असाच नखाने दाबून बघायला त्यांनीच त्याला सातव्या वर्षी शिकवले होते.

"मऊ तो चांगला, नाही का?" त्यांनी विचारले.

"पुढे मऊ, आबा. पुढचं चाक वाट धरतं, त्याला पकड हवी. मागचं ओढतं, ते झिजतं, तिथे कडक. डब्याच्या चाकालाही कडकच. आणि पुढच्याला नक्षी नुसत्या उभ्या रेघांची घ्यायची. ठोकळ्यांच्या नक्षीत आपली काळी माती भरून बसते."

भास्करने खिशातून वही काढली आणि हे सगळे लिहून घेतले. मग खाली बघत म्हणाला, "गणोजीराव, त्या दिवशी मी फार बोललो."

"कोपर कसं आहे?" गणोजीने विचारले.

निघताना दुकानदार गल्ला सोडून पायरीपर्यंत आला. "मिस्त्रीजी, फिर आना. पुरानी गाड़ीवाले बहुत आते हैं, किसी को नाप मालूम नहीं."

मिस्त्रीजी! लॉरीत बसेपर्यंत रघुजीराव तो शब्द मनात घोळवत होते.

टायर चढले. तात्या म्हणाले, "मी बसण्याआधी भरल्या वजनाने लांबवर नेऊन आण. देवासला थोरल्या पातीच्या महाराजांच्या पागेत तुमचे जुने मित्र जगदेवराव आहेत ना, रघुजीराव? बसा डब्यात, भेटून या."

रघुजीरावांनी 'फटफटी'त पाय ठेवणार नाही असे बारा वर्षे सांगितले होते. त्यांनी ठेवणीतली पगडी बांधली आणि बसले.

पहाटे निघालेली गाडी इंदूर सोडून क्षिप्रा नदीपर्यंत गेली. वाटेत दगड-गोटे, बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या सगळे लागले. दर काही कोसांवर गणोजी उतरायचा, प्रत्येक टायर अंगठ्याने दाबायचा, हवा जरा कमी वाटली की पंप मारायचा. "या जातीच्या टायरला हवाच धरून ठेवते. ती उतरली तर काठ सुटतो." एकदाही काठ सुटला नाही. देवासची टेकडी दिसू लागली तेव्हा गुडघा दुखतोय हे रघुजीरावांच्या लक्षात आले. तोवर आलेच नव्हते.

पागेच्या फाटकाशी माणसे जमली. जगदेवराव काठी टेकत पुढे आले, गाडीभोवती फिरले. "धारहून एका दमात? या म्हातारीवर? टायर कुठल्या साहेबाने बसवून दिले?"

रघुजीराव डब्यातच उभे राहिले. "साहेब कसला! आमच्या गणोजीने. माप त्याने घेतलं, रबर त्याने निवडलं, बसवलंही त्यानेच. इंदूरच्या दुकानात त्याला मिस्त्रीजी म्हणतात."

"आबा, उतरा आता," गणोजी पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

जगदेवराव म्हणाले, "अरे, मग आमचीही फटफटी बघ. एक इकडे पडून आहे, एक समोर धाकट्या पातीकडे. या एका गावात राजेच दोन, तेव्हा सगळंच दोन-दोन. टायर मिळत नाही म्हणून दोन्ही धूळ खाताहेत. कोणतं माप लागेल रे?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू, काका?"

"हा खरा जाणकार," जगदेवराव मागच्या माणसांकडे वळून म्हणाले. रघुजीरावांनी ते ऐकले, आणि ऐकू आले नाही असे दाखवून पुन्हा विचारले, "काय म्हणालात?" जगदेवरावांनी हसत हसत, जरा मोठ्याने, ते पुन्हा म्हटले.

त्या हिवाळ्यात धारच्या मोटारखान्यात गणोजी मिस्त्री झाला. दरबारला इंग्रजी अर्ज लिहिला तो भास्करने, शिफारस तात्यांची. रघुजीराव रोज सकाळी तिथे जाऊन बाकावर बसू लागले. एकदा गणोजी कामात असताना एक लॉरीवाला नवा टायर घेऊन आला, तर त्याला यांनीच दारातून परत पाठवले. "आधी माप सांग," म्हणाले, "मग आमच्या मिस्त्रीला हाक मार."