दुसऱ्या मिसावांची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. दारावर नावासाठी लावतात तसली. माझ्यावर उभ्या ओळीत 'मिसावा तोकुजी' एवढेच लिहिलेले आहे. जपानमधल्या आमच्या ओकायामा शहरात हे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. पण ते माझ्या मालकांमुळे नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. प्रसिद्ध कादंबरीकार मिसावा तोकुजी नदीपलीकडे राहत. माझे मालक तातामीच्या चटया शिवत.

हिनोकी लाकडाच्या उरलेल्या फळीवर मालकीणबाईंनी, म्हणजे सुमिएबाईंनी, शाईने मला लिहिले.

"जरा बारीक अक्षर काढ. लोक हसतील," मालक म्हणाले.

"हसू देत. तुमचंच नाव आहे, कुणाचं चोरलंय का?"

लोक हसलेच. मासेवाला गोन्झो रोज दारातून ओरडे, "काय लेखकमहाशय, आज किती पानं शिवली?" मालकही हसत. मी मात्र शरमेने काळी पडत गेले. कदाचित तो नुसता पावसाचा परिणाम असेल. मला खात्रीने सांगता येत नाही.

पुढे सुमिएबाई वारल्या. तेव्हापासून मालक सकाळी दार उघडले की आधी मला बाहीने पुसत.

एका हिवाळ्यात, पहाटेच्या धुक्यात, चिनात्सु नावाच्या मुलीने मला खिळ्यावरून उचलले आणि कोटाखाली दडवले. मोठ्या माणसाच्या दारावरची पाटी आणली की परीक्षेत यश मिळते, अशी आमच्याकडच्या मुलांची समजूत. पास झाल्यावर ती मिठाईसह परत करायची. तिने नाव वाचले. घर काही नीट पाहिले नाही.

तिच्या टेबलावर मला मान मिळाला. ती रोज मला वाकून नमस्कार करी.

"अगं, चोरलेल्या पाटीच्या काय पाया पडतेस? पुस्तक उघड!" तिची बहीण फुमिको म्हणे.

"ताई, कुंचल्याचा हा शेवटचा फटकारा तरी बघ! असं न घाबरता लिहिणाराच कादंबरी लिहू शकतो."

मला वाचा असती, तर मी ओरडून सांगितले असते, की मी त्यांची नव्हे, चटईवाल्यांची. पण खरे सांगू? वाचा असती तरी मी ते सांगितले असते का, याची मला शंका आहे.

चिनात्सु पास झाली. लाल चवळीच्या मिठाईचा डबा घेऊन ती मला परत द्यायला आली, तेव्हा दारावर पुठ्ठा लटकत होता. त्यावर मालकांचे वाकडेतिकडे अक्षर होते.

"सर, माफ करा! तुमची पाटी मीच..."

"सर? अगं पोरी, मी चटया शिवतो. तुझे सर नदीपलीकडे!"

ती कानापर्यंत लाल झाली. "मग हे अक्षर कुणाचं, आजोबा?"

"आमच्या हिचं. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं घरात."

मालकांनी मला घेतले आणि बाहीने पुसले. चिनात्सुची मान वर होईना.

"पास झालीस ना? मग ये आत. तिला सांग."

तिने डबा सुमिएबाईंच्या तसबिरीपुढे ठेवला आणि त्या शेवटच्या फटकाऱ्याबद्दल पुटपुटली.

"मोठ्यानं सांग गं," मालक म्हणाले. "तिला कमी ऐकू यायचं."

मित्रांनो, जन्मभर मला लाज वाटली ती त्या दुसऱ्या मिसावांची नसल्याची. त्या दिवशी मला त्या लाजेचीच लाज वाटली. ओळखीचे नाव दिसले, तर त्या दारामागे कोण राहते तेही विचारत जा. आणि पाटीवर धूळ असेल, तर बाहीने पुसा. फडके शोधत बसू नका.